गावचे पत्र, सरकारचे दप्तर

१८९७ साली सातारच्या सत्र न्यायाधीशाने एका साप्ताहिकाच्या दोन माणसांना राजद्रोहाबद्दल शिक्षा ठोठावल्या. एकाला जन्मठेप काळे पाणी, दुसऱ्याला सात वर्षे. साप्ताहिकाचे नाव ‘प्रतोद’. ते निघायचे वाळवे तालुक्यातल्या इस्लामपुरातून, आणि ज्या लेखापायी हे सगळे घडले तो होता कॅनडावर. स्वतंत्र होण्याची तयारी हा त्याचा विषय. इस्लामपुरात आजही रेल्वे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे बसून कुणीतरी कॅनडातल्या लोकांच्या मनात काय चालले आहे याची चर्चा मराठीत करत होता आणि ती वाचायला वर्गणीदार होते. कॅनडाच्या आडून बोट कुठे रोखले आहे हे वाचणाऱ्याला कळत होते. न्यायाधीशालाही कळले.

अपील मुंबईच्या हायकोर्टात गेले. मुख्य न्यायमूर्ती फॅरन, पार्सन्स आणि रानडे असे तिघे बसले होते. हे रानडे म्हणजे महादेव गोविंद. बालपण कोल्हापुरात काढलेले, तरुणपणी ‘इंदुप्रकाश’ची इंग्रजी बाजू सांभाळलेले. म्हणजे वर्तमानपत्राचा धंदा आतून पाहिलेला माणूस आणि पंचक्रोशीही ओळखीची. तिघांनी गुन्हा कायम ठेवला, पण शिक्षा एक वर्षावर आणि तीन महिन्यांवर आणल्या. जन्मठेपेचे एक वर्ष! खालच्या कोर्टाच्या डोक्यात त्या वर्षी काय भिनले होते, हे या एका आकड्यावरून कळावे. प्लेग चालू होता, दुष्काळ होता, २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती आणि २७ जुलैला टिळकांना अटक झाली होती. टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले होते की सरकारविषयी प्रेम नसणे म्हणजेच अप्रीती, म्हणजे राजद्रोहाच्या कलमातले ‘डिसअफेक्शन’. ‘प्रतोद’च्या अपिलात रानड्यांनी यातून थोडी वाट काढली. नुसते प्रेम नसणे पुरेसे नाही, सरकारविषयी उघड तिटकारा हवा, त्याची सत्ता झुगारण्याकडे कल हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पुढच्याच वर्षी सरकारने दंड संहितेतले राजद्रोहाचे १२४-अ कलम दुरुस्त करून द्वेष आणि तुच्छता हेही त्यात घातले. ते कलम स्वातंत्र्यानंतरही टिकले, १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात त्याला मर्यादा घातल्या, २०२२ मध्ये त्याचा वापर थांबवला. राजद्रोहावर या देशात वाद निघाला की ‘क्वीन एम्प्रेस विरुद्ध रामचंद्र नारायण’ हा निवाडा कुठे ना कुठे डोके वर काढतो. वकिलांना तो ठाऊक असतो. तो इस्लामपूरच्या एका साप्ताहिकाचा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

तो मूळ लेख मराठीत होता. तरीही ज्यांनी तो वाचला आहे त्यांतल्या बहुतेकांनी निवाड्यासोबत छापलेला इंग्रजी तर्जुमाच वाचला आहे. मराठी माणसाने मराठी गावात लिहिलेला मजकूर मराठी वाचकाला सरकारी भाषांतरकाराच्या हातून इंग्रजीत मिळतो. ही एकट्या ‘प्रतोद’ची गोष्ट असती तर तिला योगायोग म्हणून सोडून दिले असते. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या जवळजवळ सगळ्या लहान गावांच्या पत्रांची हीच गत आहे.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास आपल्याकडे एका ठरलेल्या वाटेने सांगितला जातो. १८३२ मध्ये मुंबईत बाळशास्त्र्यांचे ‘दर्पण’, मग ‘प्रभाकर’, १८४९ मध्ये पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’, १८६२ मध्ये ‘इंदुप्रकाश’, मग विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि १८८१ मध्ये ‘केसरी’. फार उदार झालो तर मध्ये १८७७चे कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’. ही वाट मुंबई आणि पुणे या दोन गावांतून बाहेर पडत नाही. पण याच काळात रत्नागिरीत १८५४ मध्ये जनार्दन हरि आठल्यांचे ‘जगन्मित्र’ निघाले. साताऱ्यात १८५८ मध्ये ‘शुभसूचक’ आले. बेळगावात १८६३ मध्ये हरि भिकाजी सामंतांनी सुरू केलेला ‘बेळगाव समाचार’ पुढे शंभर वर्षांहून अधिक चालला. ठाण्यात १८६६ मध्ये काशीनाथ विष्णु फडक्यांनी ‘अरुणोदय’ काढले. त्याच गावात पुढे ‘सूर्योदय’ही निघाले, म्हणजे नावापुरता तरी ठाणेकरांनी क्रम चुकवला नाही. सोलापुरात ‘कल्पतरू’, नगरला ‘न्यायसिंधु’, जळगावात ‘प्रबोधचंद्रिका’, धुळ्यात ‘खानदेश वैभव’, वाईत ‘मोदवृत्त’, येवल्यात ‘राघवभूषण’, वेंगुर्ल्यात ‘वेंगुर्लेवृत्त’. ही यादी मी मुद्दाम इथेच थांबवतो, कारण ती बरीच लांब जाते. शतक संपेपर्यंत मराठी मुलखात छापखाना आणि पत्र नसलेले जिल्ह्याचे ठाणे सापडणे कठीण झाले होते आणि इस्लामपूर, येवले, वाई यांसारखी तालुक्याची गावेही मागे नव्हती.

हे कसे शक्य झाले? भांडवल फार लागत नव्हते, हे पहिले कारण. शिळाछापाला खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे नकोत, ती जुळवणारे जुळारी नकोत. एक दगड, एक दाबयंत्र, शाई आणि सुंदर, एकसारखे अक्षर काढणारा एक लेखक असला की काम भागायचे. तो तेलकट शाईने कागदावर लिहायचा, ते दगडावर उतरायचे आणि दगडावरून शेदोनशे प्रती निघायच्या. पुढे खिळ्यांचे छापखाने आले. तेही पत्रावर चालत नसत, पत्र त्यांच्यावर चाले. छापखान्याचे पोट पंचांगे, पोथ्या, लग्नपत्रिका, कचेरीचे फॉर्म, कोर्टाच्या जाहीर नोटिसा यांवर भरायचे आणि यंत्र रिकामे असेल तेव्हा आठवड्याचे पत्र निघायचे. दुसरे कारण टपाल. पत्र गावात विकले जायचे त्याहून जास्त टपालाने तालुक्यात, परगण्यात जायचे. शाळामास्तर, वकील, कारकून, एखादा सावकार, एखादा इनामदार, गावातले नगर वाचनालय, असे हे वर्गणीदार. वर्गणी आगाऊ पाठवा म्हणून संपादक विनवण्या करायचा आणि वर्गणीदार ती थकवायचे. या एका बाबतीत रत्नागिरी, सोलापूर आणि मुंबई यांत काही फरक नव्हता.

या पत्रांवर त्या काळापासून एक आरोप आहे की ती उतारेबाज होती. मुंबईच्या पत्रातला मजकूर पुण्याने उचलायचा, पुण्याचा ठाण्याने, ठाण्याचा वाईने. आरोप खरा आहे. पण मला त्याची लाज वाटत नाही, उलट तीच या पत्रांची ताकद वाटते. कुणाच्या मालकीचे नसलेले एक जाळे तयार झाले होते. मुंबईत छापलेली गोष्ट पंधरा दिवसांत वेंगुर्ल्यात वाचली जायची, आणि कोकणातल्या एखाद्या मामलेदाराची दांडगाई तिथल्या पत्राने छापली की पुण्याचे पत्र तीच बातमी उचलून गव्हर्नरच्या दारापर्यंत न्यायचे. कॅनडा इस्लामपुरात आला तो याच वाटेने. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा, कडक कायदा केला. एखाद्या गावात कुणीतरी शेदोनशे प्रती काढतो याची सरकारला काय भीती होती? भीती या जाळ्याची होती. तो कायदा १८८२ मध्ये रद्द झाला, पण जाळ्यावरचे लक्ष सुटले नाही.

हे लक्ष कसे ठेवले जायचे ते समजून घेतल्याशिवाय आपल्या आजच्या अडचणीचे मूळ कळत नाही. १८६०च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबई सरकारच्या दफ्तरात दर आठवड्याला एक गोपनीय अहवाल तयार होऊ लागला. इलाख्यातल्या सगळ्या देशी पत्रांची यादी, कुठून निघते, दैनिक की साप्ताहिक, किती प्रती खपतात, आणि मग त्या आठवड्यात कोणी काय लिहिले त्याचा इंग्रजी सारांश. मराठी, गुजराती, कानडी, उर्दू, सिंधी सगळी पत्रे त्यात यायची. हा सारांश थोड्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या टेबलावर जायचा. तो नेमाने छापला गेला, बांधला गेला आणि सरकारी दप्तरखान्यात नीट लावून ठेवला गेला. आज मुंबईच्या पुराभिलेखागारात तो बघता येतो आणि देशाबाहेरच्या ग्रंथालयांतही त्याचे संच आहेत.

पत्रे स्वतः मात्र कुणीच ठेवली नाहीत. १८६७च्या छापखान्यांच्या कायद्याने छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारला देणे बंधनकारक केले होते. वर्तमानपत्राला नुसते प्रतिज्ञापत्र पुरत होते. पत्राच्या प्रती सरकारकडे द्यायची सक्ती १९२२ साली आली, आणि राष्ट्रीय ग्रंथालयात पत्रे पाठवायची सक्ती तर स्वतंत्र भारतात १९५६ साली. एकोणिसाव्या शतकातल्या अंकांची जबाबदारी कायद्याने कोणावरच नव्हती. सरकारने अंक घेतला, चाळला, त्यातली चार वाक्ये उचलून इंग्रजीत घातली आणि अंक टाकला. संपादकाकडे फाइल असायची. ती छापखान्याबरोबर विकली गेली किंवा माळ्यावर गेली. वर्गणीदाराकडचा अंक वाण्याच्या पुडीला गेला. १८७०-८०नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो आणि शेवटी बोटांत भुगा होतो. गंमत अशी की त्याआधीचे चिंध्यांच्या कागदावरचे अंक जास्त टिकतात. म्हणजे एखाद्या गावाच्या पत्राची पहिली वर्षे शाबूत आणि पुढची भुगा, असेही घडू शकते.

याचा परिणाम आपल्या इतिहासलेखनावर झाला आहे. सरकारचा भाषांतरकार कशासाठी वाचत होता? राजनिष्ठा मोजण्यासाठी. ‘सोलापूरचे पत्र म्हणते की नव्या सारावाढीने रयत हवालदिल आहे’ हे त्याच्या कामाचे होते. ‘सोलापूरच्या पेठेतल्या गटाराचा वास दोन वर्षे जात नाही आणि म्युनिसिपालिटीचे सभासद आपापल्या घरापुढचे दिवे लावून घेतात’ हे त्याच्या कामाचे नव्हते. ते सारांशात येत नाही आणि मग इतिहासातही येत नाही. त्यामुळे आपण लिहितो तो इतिहास असा होतो की लहान गावांची पत्रे ही ‘केसरी’ची पूर्वतयारी किंवा ‘केसरी’चा प्रतिध्वनी. राष्ट्रवादाच्या मोठ्या नाटकात त्यांना दोन ओळींचे काम. ज्याच्यावर खटला झाला ते पत्र लक्षात राहिले, ज्याच्यावर झाला नाही ते पुसले गेले. ‘प्रतोद’ आपल्याला माहीत आहे तो ॲस्टन नावाच्या सत्र न्यायाधीशाने त्याला जन्मठेप दिली म्हणून. त्याने दुर्लक्ष केले असते तर इस्लामपुरात पत्र होते हे अभ्यासकांनाही यादीतल्या एका ओळीपलीकडे कळले नसते. कोण लक्षात ठेवायचे हे आपण अजून सरकारी वकिलाला ठरवू देतो आहोत. मला हे खटकते, आणि इतिहासकारांनी यावर जितके बोलायला हवे तितके ते बोलत नाहीत.

१८८२ मध्ये व्हाइसरॉय रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात म्युनिसिपालिट्यांचा नवा कायदा आला, निवडणुका आल्या. गावोगावच्या माणसांनी पहिल्यांदा मते दिली, आपसांत पक्ष पाडले, पाण्याच्या नळावरून, घरपट्टीवरून, मैल्याच्या गाड्यांवरून भांडणे केली. या देशात लोकशाहीचा सराव आधी तिथे झाला, काँग्रेसच्या अधिवेशनात नव्हे, असे माझे मत आहे. त्या सरावाची नोंद कुठे असणार? म्युनिसिपालिटीच्या ठरावबुकात ठराव असतात, वाद नसतात. वाद गावच्या पत्रात असतो. कोण कोणाला कंत्राट देतो, कोण सभेला येत नाही, कोणत्या आळीत पाणी पोचत नाही. दर आठवड्याचे बाजारभाव असतात, पावसाचे इंच असतात, पटकीने किती माणसे गेली ते असते, कोणती नाटक मंडळी गावात उतरली आणि तिला कुणी तंबूला जागा दिली नाही तेही असते. १८७६-७७च्या दुष्काळात ज्वारीचा भाव कोणत्या आठवड्यात किती चढला याची गावपातळीवरची नोंद यातूनच मिळू शकते. हवामानबदलावर आणि शेतीवर काम करणारी माणसे आज असली आकडेवारी जिथे मिळेल तिथे धुंडाळतात. शोध घ्यायला ती विलायतेतल्या दप्तरखान्यापर्यंत जातात आणि नगरचे पत्र नगरलाच धूळ खात पडलेले असण्याची शक्यता कुणाच्या मनातही येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिखाण गौरवग्रंथातल्या लेखासारखे होईल. ही पत्रे काही संतांची नव्हती. बहुतेकांचे संपादक, लेखक आणि वाचक एकाच जातीच्या चारदोन आळ्यांतले होते, आणि ते त्यांच्या लिखाणात दिसते. विधवाविवाह, मुलींचे शिक्षण, अस्पृश्यता, रयतेचे प्रश्न यांवर त्यांतल्या कितींनी जे लिहिले ते वाचताना आज अंगावर काटा येतो. भालेकरांना १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ काढावे लागले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत नेऊन चालवले, ते काही हौसेखातर नव्हे. शेतकऱ्याची आणि गिरणी कामगाराची बाजू बाकीची पत्रे घेत नव्हती म्हणून. रत्नागिरीत ‘सत्यशोधक’ नावाचे पत्र होते. त्याचा फुल्यांच्या समाजाशी काही संबंध नव्हता, आणि नाव वाचून फसलेले अभ्यासक अजून भेटतात. खाजगी हेवेदावे, बदनामी, शिवीगाळही होती. ठाण्याच्या ‘हिंदुपंच’ने पुढे १९०९ मध्ये गोखल्यांविषयी असे काही छापले की त्या शांत माणसालाही अब्रूनुकसानीची फिर्याद लावावी लागली. अशी पत्रे कशाला जपायची, असा प्रश्न एका पुरोगामी मित्राने मला विचारला होता. मला वाटते, ती तशी होती म्हणूनच जपायची. फुले आणि भालेकर कोणाशी भांडत होते हे आज आपल्याला फक्त त्यांच्याच तोंडून कळते. समोरच्याने रोजच्या व्यवहारात काय म्हटले, किती बेफिकिरीने म्हटले, हे त्या अंकांत आहे. समोरच्याचे कागद नाहीसे होण्यात सोय समोरच्याचीच होते.

मग करायचे काय? याचे सोपे उत्तर सरकारला फार आवडते. सगळे गोळा करून मुंबईला न्या, स्कॅन करा, संकेतस्थळावर टाका. राज्य मराठी विकास संस्थेने काही दुर्मीळ मराठी पुस्तके अशी संगणकावर आणली आहेत आणि ते काम चांगले आहे. पण पत्रांच्या बाबतीत एवढे पुरणार नाही, याची दोन कारणे मला दिसतात. पहिले हे की जे गोळा झालेलेच नाही ते स्कॅन कसे होणार? शंकर गणेश दात्यांनी आयुष्य घालून मराठी ग्रंथांची सूची केली, त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गावोगाव फिरावे लागले, पत्रे पाठवावी लागली, लोकांची कपाटे उघडायला लावावी लागली. पत्रांचे सुटे अंक आज कुठे असतील तर जुन्या वकिलांच्या वाड्यांत, छापखान्यांच्या वारसांकडे, एखाद्या देवस्थानाच्या दप्तरात. कोर्टात पुरावा म्हणून लावलेले अंक तर दिवाणी दाव्यांच्या बस्त्यांतही असू शकतात, आणि हे बस्ते मुदत संपली की कायद्यानेच नष्ट केले जातात. हे शोधायला त्या गावाची ओळख लागते. मुंबईचा तंत्रज्ञ तिथे गेला तर त्याला चहा मिळेल, कपाट उघडून मिळणार नाही.

दुसरे कारण असे की मूळ कागद गावाबाहेर गेला की गावाचा त्याच्याशी संबंध संपतो. संकेतस्थळे बंद पडतात, दुवे तुटतात, कंत्राट संपते. वाईचा अंक वाईत असेल तर वाईचा एखादा शिक्षक मुलांना घेऊन तो बघायला जाईल. तो कुठल्यातरी सर्व्हरवर असेल तर जाणार नाही.

आपल्याकडे या कामासाठी जागा नाहीत असेही नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नगरचे १८३८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५०चे, सोलापूरचे १८५३चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. म्हणजे यांतली कित्येक वाचनालये त्या त्या गावच्या पत्राच्या आधीची आहेत. पत्र निघाले तेव्हा हीच वाचनालये त्याची वर्गणीदार होती. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यात हजारो ग्रंथालयांना अनुदान मिळते, अ, ब, क, ड असे वर्ग पडतात, निरीक्षक येतात. पण वर्ग ठरतो पुस्तकांच्या संख्येवर, सभासदांवर, वर्षाला किती नवी खरेदी झाली यावर. जुन्या पत्राचा एक खंड तुम्ही वाळवीपासून वाचवलात तर अनुदानात एक रुपयाची भर पडत नाही. उलट जागा अडते. नव्या खरेदीला जागा करायची म्हणून निर्लेखन होते, म्हणजे जुना साठा नोंदीतून काढून टाकला जातो, आणि निर्लेखनात जे सगळ्यात फाटके, सगळ्यात कमी मागणी असलेले, तेच आधी जाते. सव्वाशे वर्षांच्या पत्राइतके फाटके आणि बिनमागणीचे काय असणार? ग्रंथपालाला दोष देऊन उपयोग नाही. त्याचा पगार किती असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांनी तर मुळीच देऊ नये. नियमच असे आहेत की जपणाऱ्याचे नुकसान होते.

म्हणून माझी मागणी नियमापुरती आहे. वर्ग ठरवताना स्थानिक नियतकालिकांच्या जपलेल्या खंडांना गुण द्या, आणि भरपूर द्या. १९००पूर्वीचे कोणतेही नियतकालिक निर्लेखनातून पूर्ण वगळा, मग ते अर्धे असो की दोन अंकांचे. स्कॅनिंगचे यंत्र जिल्ह्यात फिरते ठेवा, अंक गावाबाहेर नेऊ नका. आणि मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या त्या गोपनीय अहवालांची गाववार अनुक्रमणी मराठीत करून त्या त्या वाचनालयाला द्या. सरकारच्या चष्म्यातून का होईना, येवल्याच्या माणसाला ‘राघवभूषण’विषयी कोणत्या आठवड्यात काय नोंद आहे हे येवल्यात बसून कळू दे. शोध तिथून सुरू होईल.

यावर एक आक्षेप येतो तो खर्चाचा. दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा होतो. हार, शाल, श्रीफळ, पुरस्कार, मंत्र्यांचे भाषण. बाळशास्त्र्यांचे नाव घेतले जाते, ते योग्यच आहे. इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करायचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये घेतला, त्यावर दोन्ही बाजूंनी किती शाई, किती फ्लेक्स आणि किती सभा खर्ची पडल्या याचा हिशेब कुणी मांडला नाही. नाव काहीही असो, त्या गावातून काय लिहिले गेले होते यावर त्यातला शंभरावा भाग जरी खर्च झाला असता तरी पुरला असता. पैसा नाही, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे वाचणार कोण? जुनी वाक्यरचना, कुठे मोडी वळणाचे शिळाछापाचे अक्षर, तोंडओळख नसलेली नावे. खरे आहे, फार थोडे लोक वाचतील. पण कोर्टातल्या जमिनीच्या जुन्या नोंदी तरी किती लोक वाचतात? ज्याला गरज पडेल त्याला त्या मिळाल्या पाहिजेत, एवढ्यासाठी त्या ठेवतो. कुणा बाईने नवऱ्याविरुद्ध दिलेली जाहीर नोटीस, नदीच्या पुराची तारीख, एखाद्या पेठेचे मूळ नाव, एखाद्या शाळेत पहिली दलित मुले कधी बसली आणि त्यावर गावात काय गदारोळ झाला, हे कधी आणि कोणाला लागेल ते आज सांगता येत नाही.

हा खर्च कोणी करायचा यावर वाद होईलच. ग्रंथालय संचालनालय म्हणेल पुराभिलेख विभागाने, तो म्हणेल सांस्कृतिक खात्याने. माझ्या मते तो नगरपालिकेने करावा. ही पत्रे सर्वांत जास्त लिहीत होती ती तिच्याविषयीच. तिच्या पहिल्या निवडणुका, पहिल्या पाणीयोजना, पहिले घोटाळे त्यांत आहेत. पैसे तिने द्यावेत, पण अंक तिच्या ताब्यात देऊ नयेत. ते वाचनालयातच राहावेत, कारण आज तालुक्यातून निघणाऱ्या साप्ताहिकांचे पोट त्याच नगरपालिकेच्या निविदा-नोटिसांवर चालते, आणि त्यांच्या फाइली आत्ताच छापखान्यांच्या माळ्यांवर जाऊन पडल्या आहेत. १९९०चे अंक मागितले तर संपादक डोके खाजवतो. जुन्या पत्रांसाठी केलेले कपाट याही अंकांना उपयोगी पडेल. ते आजच वाचनालयात जमा करायला सुरुवात करता येईल, त्यासाठी कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. संपादकाने दर आठवड्याला एक प्रत जास्त पाठवायची आणि ग्रंथपालाने ती रद्दीत न घालता वर्षाच्या शेवटी बांधून घ्यायची.